विचारा, सांगतो : कपडे बदलेस्तोवर नाच

मागच्या अंकात मी सहज एक वाक्य लिहून गेलो. थेट प्रक्षेपणाच्या काळात विनोदी नटांपेक्षा नाचणाऱ्या मुलीच मला जास्त भरवशाच्या वाटत, असं. त्यावर पत्रांचा एक गठ्ठाच आला. काही पत्रं 'या म्हाताऱ्याला दुसरं काही सुचत नाही का' अशा सुराची होती, ती संपादकांच्या टेबलावर ठेवली आहेत. उरलेल्यांतून चार निवडली. नवीन वाचकांसाठी एवढंच सांगतो की माझी सारी नोकरी टीव्हीच्या स्टुडिओत कॅमेऱ्यामागं गेली आणि आता मी हिंगणघाट तालुक्यात कपाशीमागं आहे.

काका, मी वडसा भागातल्या एका नाटक मंडळीत नाचाचं काम करते. दिवाळी झाली की होळीपर्यंत रोज वेगळं गाव. भाच्यानं मोबाईलवर अमेरिकेच्या टीव्हीवरचे सत्तर-पंच्याहत्तर वर्षांपूर्वीचे नाच दाखवले. कार्यक्रम हसवणाऱ्यांचा, आणि मधातच ह्या बाया येऊन नाचून जातात. आमच्यासारखंच वाटलं. ह्या कोण होत्या? त्यांना मधात काहून घालत? आणि चुकलं तर पुन्हा करता येत होतं का?
– एक नृत्यांगना, देसाईगंज (जि. गडचिरोली)

ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात लहान आहे. नाही. चित्र टेपवर घ्यायचं यंत्र अमेरिकेतसुद्धा १९५६ साली आलं. त्याच्याआधी जे काही व्हायचं ते त्या क्षणी लाखो घरांत दिसायचं. पाय मुरगळला तर मुरगळलेला दिसायचा. जॅकी ग्लीसन नावाचा एक भला थोरला विनोदी नट होता, तो १९५४ च्या जानेवारीत चालू कार्यक्रमात घसरून पडला आणि पाय मोडून घेतला. लोकांना आधी वाटलं, हाही विनोदच आहे. तुमच्याकडे पहाटे तीनच्या अंकात असं काही झालं तर प्रॉम्प्टर सांभाळून घेतो. तिथं कोण सांभाळणार?

आता मधात काहून घालत, ते सांगतो. खरं म्हणजे मला एवढंच सांगायचं आहे.

१९५० च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कहून 'युअर शो ऑफ शोज' नावाचा कार्यक्रम सुरू झाला. दर शनिवारी रात्री दीड तास, सगळं थेट, समोर खरे प्रेक्षक बसलेले, आणि जागा म्हणजे एक नाटकाचं थिएटरच. सिड सीझर आणि इमोजीन कोका हे त्यातले मुख्य दोघं. आता हिशोब करा. सीझर एका प्रवेशात जर्मन सेनापती असेल, तर पुढच्या प्रवेशात त्याला ऑफिसातला कारकून व्हायचं आहे. मिशी काढायची, बटणं लावायची, धावत दुसऱ्या सेटपाशी पोचायचं. तिकडं कॅमेरे वळवायचे, आणि ते कॅमेरे म्हणजे चाकांवरची कपाटंच, मागं केबलची शेपटी. तोवर घरी बसलेल्या माणसाला दाखवायचं काय? पडदा पाडून ठेवता येत नाही, त्याला वाटेल टीव्ही बिघडला. तेव्हा नाच. नटाचे कपडे बदलेस्तोवर नाच.

म्हणजे तुमच्याकडे ड्रॉपचा पडदा पडला की पुढच्या प्रवेशाची मांडामांड होईस्तोवर लावणी होते, तेच. फरक इतकाच की तुम्हाला पब्लिक वन्स मोअर देतं, खुशीचे पैसे देतं, आणि तुम्ही आणखी दोन कडवी लावू शकता. त्यांचं सगळं घड्याळावर. अडीच मिनिटं म्हणजे अडीच मिनिटं.

आता कोण होत्या ते. त्या कार्यक्रमाचे नाच जेम्स स्टारबक बसवायचा. तो मोठ्या बॅले कंपनीत नाचलेला माणूस. बॅम्बी लिन आणि रॉड अलेक्झांडर ही जोडी होती, हॅमिल्टन ट्रायो नावाचं त्रिकूट होतं, आणि माता आणि हारी अशी एक जोडी होती. नाव ऐकून आपल्याला वाटेल पंढरपूरचे आहेत. रूथ माता ही बाई, युजीन हारी हा बुवा. ते नाचातूनच हसवायचे, एक शब्द न बोलता. इमोजीन कोका स्वतःही नाचात तयार झालेली होती. बॅलेची टर उडवायची ती, पण टर उडवतानाही पायाची बोटं शिस्तीत. ज्याला नाच येतो त्यालाच नाचाची नक्कल येते. तुमच्याकडच्या दंडारीच्या लोकनाट्यात लुगडं नेसून येणारा गडी बघा, पब्लिक हसतं ते त्याच्या लुगड्याला नाही, तो ठेका अचूक पकडतो म्हणून हसतं. (त्यांच्याकडेही लुगड्यावाला होताच. मिल्टन बर्ल. १९४८ पासून मंगळवारी रात्री आठला पेट्रोल कंपनीच्या कार्यक्रमात बाईच्या कपड्यांत यायचा, आणि त्या वेळेला रस्ते ओस पडायचे म्हणतात.)

'युअर शो ऑफ शोज'च्या एक वर्ष आधी, १९४९ मध्ये, ह्याच मंडळींचा आणखी एक कार्यक्रम होता. टीव्हीचे सेट बनवणाऱ्या ॲडमिरल कंपनीनं पैसे घातले होते. त्यात मार्ज आणि गावर चँपियन हे नवराबायको नाचायचे, पुढे ते सिनेमातही गाजले. कार्यक्रम काही महिन्यांतच बंद पडला. का, तर असं सांगतात, की तो पाहून सेटची मागणी इतकी वाढली की कंपनीला कारखाना वाढवायला पैसे लागले, आणि ते कार्यक्रमातून काढले. नाच एवढा चांगला झाला की नाचणाऱ्यांचं काम गेलं! बाप्पा, असा न्याय फक्त टीव्हीत.

आणि एक बॉब फॉसी. पन्नास-एक्कावन साली तो आणि त्याची पहिली बायको मेरी ॲन नाइल्स दुसऱ्यांच्या कार्यक्रमांत असेच मधले नाच करत फिरायचे. १९७३ मध्ये ह्याच माणसानं सिनेमाचा ऑस्कर, नाटकाचा टोनी आणि टीव्हीचा एमी असे तिन्ही एकाच वर्षात घेतले. हे तुमच्या मंडळीच्या मालकाला वाचून दाखवा.

आमच्याकडचं एक सांगतो, मग पुढच्या पत्राकडे जातो. सत्तरीच्या दशकातली गोष्ट. टेप महाग, म्हणून बरेच कार्यक्रम थेटच जायचे. एक प्रहसन होतं. त्यातला नट सासू होऊन आत गेला आणि हवालदार होऊन बाहेर यायचा होता. मधात लोकनृत्य, सहा पोरी, ढोलकी प्रत्यक्ष. नाच संपत आला, आणि हवालदाराची मिशी चिकटेना. घामानं गोंद सुटून राहिला होता. फ्लोअर मॅनेजर माझ्या कॅमेऱ्याखाली उकिडवा बसून दोन्ही हात हवेत ताणू लागला, गूळ ताणावा तसा. त्याचा अर्थ, वाढवा. आता हे पोरींना कोणी शिकवलेलं? कोणीच नाही. पण पुढच्या पोरीनं ते पाहिलं, ढोलकीवाल्याकडे मान वळवली, आणि त्यानं शेवटची तिहाई घेता घेता पुन्हा पहिल्या आवर्तनात उडी मारली. सगळ्या जणी मागोमाग. दोनदा. तिसऱ्यांदा मिशी बसली, तेव्हा माझ्या कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लागला होता, म्हणजे घरोघरी माझ्याच कॅमेऱ्याचं चित्र दिसत होतं. तिनं तो दिवा हेरला, गिरकी माझ्या दिशेला संपवली आणि अशी हसली की जणू सारं असंच बसवलेलं होतं.

शेवटच्या नामावळीत नटाचं नाव, लेखकाचं नाव, मिशी चिकटवणाऱ्याचंसुद्धा नाव. ह्या सहा जणी 'आणि इतर'. मी दुसऱ्या दिवशी विचारलं, तर उत्तर आलं की अक्षरांची पाटी भरली होती. तिचं नाव मला आजही माहीत नाही, आणि हे माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणून ताई, सीझनचं पोस्टर छापताना नाव टाकल्याशिवाय ॲडव्हान्स घेऊ नका.

सर, अमेरिकेच्या जुन्या टीव्हीवरच्या एका नाचात सोळा मुली जमिनीवर झोपून फूल करतात आणि ते वरून दिसतं. तेव्हा ड्रोन नव्हते. मग कॅमेरा वर कसा? आमच्या कॉलेजच्या गॅदरिंगला करायचं आहे.
– बी.ए. द्वितीय वर्षाचा विद्यार्थी, आर्वी (जि. वर्धा)

तो जून टेलर डान्सर्सचा नाच. वर मी पाय मोडलेल्या ग्लीसनचं सांगितलं, त्याच्याच कार्यक्रमाची सुरुवात ह्या मुली करायच्या. ही कल्पना सिनेमातून आलेली, तिथं तीसच्या दशकातच वरून घेतलेले असे नाच होऊन गेले होते. पण सिनेमात क्रेन, दिवसभर वेळ आणि हवे तितके टेक. टीव्हीत एकच संधी, आणि घरातला पडदा जेमतेम दहा-बारा इंचांचा. आमच्या चहाच्या ट्रेएवढा. त्यात सोळा माणसं समोरून दाखवली तर मुंग्या दिसतात. वरून दाखवली, की त्यांचं एक फूल होतं, उमलतं, मिटतं, आणि तेवढ्याशा पडद्यावरही कळतं. ही त्या बाईची हुशारी.

जून टेलर शिकागोची. स्वतः नाचायची, पण विशीतच क्षय झाला, दोन वर्षं सॅनेटोरियममध्ये गेली, आणि नाच सुटला. मग ती बसवायला लागली. १९४८ मध्ये एड सलिव्हनचा कार्यक्रम सुरू झाला तेव्हा तिच्या सहा मुली त्यात होत्या. ग्लीसनकडे गेल्यावर त्या सोळा झाल्या. १९५५ मध्ये तिला नृत्यदिग्दर्शनाचा एमी मिळाला. आपल्याकडे क्षय झालेल्या पोरीला घराच्या मागच्या खोलीत ठेवून देत, एवढंच आठवलं मला हे वाचताना.

आता तुझ्या गॅदरिंगचं. कॅमेरा वर न्यायचा एक मार्ग म्हणजे माळ्यावर, पण तो तेव्हा सगळ्या स्टुडिओंना परवडत नसे. दुसरा मार्ग आरशाचा. मंचाच्या वर मोठा आरसा तिरका टांगायचा आणि कॅमेरा खालीच ठेवून आरशात बघायचा. आम्ही हे केलेलं आहे. दोन गोष्टी सांभाळ. आरशात डावं-उजवं उलटं होतं, म्हणून नाच त्या हिशोबानं बसव. आणि आरसा दोरीनं नको, साखळीनं बांध, आणि खाली पोट्ट्या झोपलेल्या असणार आहेत हे बांधणाऱ्याला दोनदा सांग. तुमच्या हॉलला गॅलरी असेल तर हा सारा खटाटोप सोड, गॅलरीतून मोबाईल धर.

नमस्कार. मी जिनिंगमध्ये फिटर आहे. एका पायाचा काळा माणूस, दुसऱ्या पायाच्या जागी लाकडी दांडका, आणि त्यावर टप-टप नाचतो, असा व्हिडिओ पाहिला. आमच्या शिफ्टमध्ये पैज लागली आहे की ही कॅमेऱ्याची करामत आहे. खरं काय?
– एक कामगार, वणी (जि. यवतमाळ)

भाऊ, पैज कोणत्या बाजूनं लावली ते तुम्ही लिहिलं नाही. करामत म्हटलं असेल तर हरलात.

तो पेग लेग बेट्स. पेग लेग म्हणजे लाकडी पाय, लोकांनी दिलेलं नाव. खरं नाव क्लेटन बेट्स. १९०७ चा जन्म, अमेरिकेत दक्षिण कॅरोलायना राज्यात फाउंटन इन नावाच्या गावात. कापसाचा मुलूख, आपल्यासारखाच. आई दुसऱ्याच्या शेतावर बटईनं राबायची. आणि हा पाय कुठं गेला, हे तुम्हालाच सांगायला हवं: कापसाच्या जिनिंगमध्ये. वय वर्षं बारा. दिवे गेले, अंधारात पाऊल चुकलं आणि सरकी पुढं ढकलणाऱ्या यंत्रात पाय ओढला गेला. काळ्या माणसाला तिथं दवाखाना कुठला, घरीच स्वयंपाकाच्या टेबलावर पाय कापला. मामानं लाकूड तासून पहिला पाय करून दिला.

ह्या दिवसांत आमच्या हिंगणघाटच्या रस्त्यावरून कापसाच्या गाड्या जिनिंगकडे रांगेनं जातात. ही कथा मला कळल्यापासून त्या फाटकातून आत बघताना माझी नजर आधी यंत्राच्या जाळीकडे जाते. तुमच्या यंत्रांना जाळ्या नीट आहेत ना? नसतील तर पैजेचे पैसे त्यात घाला, मालकाला आधी दाखवून.

तर हा माणूस टॅप नाचायचा. त्या नाचात बुटाच्या तळाला धातूची पट्टी असते, आणि पाय हेच वाद्य असतं. आपल्या चाळावाल्यांना हे समजावून सांगायला नको. दोन पायांच्या नर्तकाचे दोन्ही आवाज सारखे येतात. ह्याचा एक पाय धातूचा खणखणीत आणि दुसरा लाकडाचा बसका. ढोलकीची शाई आणि धुम, तसं. म्हणजे जे दोघांना लागतं ते हा एकटा करायचा. सूट जितक्या रंगांचे, तितक्या रंगांचे लाकडी पाय त्यानं करून घेतले होते. त्याची एक खास उडी होती, जेट विमानाची. हवेत झेप घ्यायची, चांगला पाय मागं सरळ ताणायचा आणि उतरायचं त्या लाकडावर. थेट प्रक्षेपणात. करामत करायला वेळ कुठं होता हो? करामत करणारी यंत्रं जन्मायची होती.

एड सलिव्हनच्या कार्यक्रमात तो वीसहून जास्त वेळा आला. हे त्या काळात सोपं नव्हतं. काळा कलाकार दाखवला की दक्षिणेतले दुकानदार आणि जाहिरातवाले कुरकुर करत. सलिव्हन अशा कुरकुरीला फारशी भीक घालत नसे. लुगड्यावाल्या मिल्टन बर्लची पण एक आठवण आहे. 'फोर स्टेप ब्रदर्स' नावाचे चार काळे नर्तक त्याच्या कार्यक्रमात ठरले होते, आणि पैसे घालणाऱ्यांकडून आक्षेप आला. बर्लनं पुढे सांगितलं आहे, की ते चौघं नाचणार नसतील तर मीही जात नाही, असं म्हणून तो आतच बसून राहिला. आठ वाजायला दहा मिनिटं उरली तेव्हा होकार आला. चार जणांच्या अडीच मिनिटांसाठी आख्खा तास पणाला. मला तो त्याच्या सगळ्या लुगड्यांपेक्षा ह्यासाठी आवडतो.

बेट्सनं १९५१ मध्ये बायकोबरोबर न्यूयॉर्क राज्यातल्या डोंगरात स्वतःचं रिसॉर्ट काढलं, कारण त्या भागातल्या हॉटेलांत तो नाचायला जाऊ शके, पण काळा म्हणून तिथं पाहुणा म्हणून राहता येत नसे. १९९८ मध्ये तो गेला, एक्क्याण्णव वर्षांचा होऊन, आणि गेला तो आपल्या जन्मगावी, जिथं तो पाय गेला होता.

माझ्या आजोबांच्या मते जुने व्हिडिओ मुद्दाम धूसर केलेले असतात. आणि त्या नर्तिकांचे कपडे कधीच पांढरे का नसतात? आमच्या शाळेचे नाच मी मोबाईलवर घेते, तेही धूसर येतात.
– एक शिक्षिका, चिमूर (जि. चंद्रपूर)

आजोबांना सांगा, मुद्दाम कोणी काही केलेलं नाही. टेप नव्हती तेव्हा टीव्हीच्या पडद्यासमोर सिनेमाचा कॅमेरा लावून चित्र फिल्मवर उतरवायचे. न्यूयॉर्कमध्ये रात्रीचे नऊ म्हणजे पश्चिम किनाऱ्यावर संध्याकाळचे सहा, आणि १९५१ च्या सप्टेंबरपर्यंत थेट चित्र तिकडं पोचतच नव्हतं. म्हणून ही फिल्म पेटीत घालून पाठवायचे. तुम्ही टीव्हीचा फोटो मोबाईलनं काढून बघा, तसंच दिसतं. प्रशिक्षणाच्या वेळी आमच्या एका वयस्कर शिक्षकांनी असं एक रीळ दाखवलं होतं. पहिली पाच मिनिटं मला वाटलं प्रोजेक्टरच्या भिंगावर धूळ आहे, आणि मी उठून पुसायला गेलो. वर्ग हसला.

एवढं तरी टिकलं हे नशीब. ड्यूमाँट नावाचं टीव्ही केंद्रांचं एक जाळं होतं, ग्लीसन आधी तिथंच होता. ते १९५६ मध्ये बंद पडलं. त्याचे रिळांचे ढीग पुढे न्यूयॉर्कच्या खाडीत बुडवले, असं एडी ॲडम्स ह्या अभिनेत्रीनं १९९६ मध्ये सरकारी सुनावणीत सांगितलं. किती जणींच्या गिरक्या तिथं पाण्याखाली आहेत कोण जाणे.

पांढऱ्याचं असं. त्या काळच्या कॅमेऱ्यातल्या चित्र टिपणाऱ्या नळीला झगझगीत पांढरं सोसत नसे. पांढऱ्याच्या भोवती काळी प्रभावळ उमटायची, जणू नाचणारीला ग्रहण लागलं आहे. म्हणून पांढऱ्याऐवजी राखाडी, फिकट निळं. घरी ते पांढरंच दिसायचं. तुमच्या मोबाईललाही हा आजार थोडा आहेच. दुपारच्या उन्हात पांढऱ्या गणवेशातली मुलं आणि मागं पिंपळाची सावली असेल, तर एक तर गणवेश जळतो किंवा चेहरे काळे पडतात. नाच सकाळी साडेनऊपर्यंत किंवा चारनंतर घ्या.

आणि बाई, एक विनंती. झूम करू नका. मुलाचा चेहरा मोठा करायच्या नादात सगळ्या आया चित्रातून पाय कापतात. आमच्या वेळी कॅमेऱ्याच्या तोंडावर चार भिंगांची फिरती चकती असायची. भिंग बदलायचं तर आधी दुसऱ्या कॅमेऱ्यावर जावं लागायचं, म्हणून नाच सुरू होण्याआधीच ठरवावं लागे की आपण चेहरा धरणार की पाय. मी नेहमी पाय धरायचो. दोनदा त्याबद्दल बोलणी खाल्ली, कारण चेहरा ज्या बाईचा होता तिचे यजमान बडे होते.

सध्या वेचणी सुरू आहे, त्यामुळे पुढच्या अंकाची उत्तरं थोडी उशिरा येतील. देसाईगंजच्या ताईंनी पत्ता अर्धवट लिहिला आहे. पिन कोड कळवला तर जून टेलरच्या मुलींचा वरून घेतलेला फोटो पाठवतो, भाच्याकडून मोठा करून घ्या.